मुक्त सोनं आणि चोख सोनं

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं एक विधान आहे : सोनं निसर्गात मुक्त अवस्थेत आढळतं. त्यावरून मनात बसतं की नदीच्या वाळूत चमकणारा कण म्हणजे बावनकशी सोनं. तसं नसतं. 'मुक्त' आणि 'शुद्ध' या शब्दांची गल्लत झाली की पुढचं बरंच रसायनशास्त्र चुकीचं समजतं, म्हणून ती सोडवायलाच हवी.

मूलद्रव्य मुक्त आहे म्हणजे त्याचं दुसऱ्या मूलद्रव्याशी संयुग झालेलं नाही. लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावून हेमॅटाइटसारख्या खनिजात अडकतं, सोनं ऑक्सिजनला दाद देत नाही. शुद्धतेचा प्रश्न वेगळा : समोरच्या तुकड्यात दुसरं काय आणि किती मिसळलंय?

नैसर्गिक सोन्यात चांदी जवळपास नेहमीच असते. दोन्हींच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा, स्फटिकातली मांडणीही तीच, त्यामुळे त्या कोणत्याही प्रमाणात एकमेकींत मिसळतात. यात संयुग होत नाही, मिश्रधातू होतो. दहा टक्के चांदी असलेला गोळा हजारात ९०० भरतो, म्हणजे हॉलमार्कच्या ९१६ पेक्षाही, अर्थात २२ कॅरटपेक्षा कमी. चांदी २० टक्क्यांच्या वर गेली की त्याला इलेक्ट्रम म्हणतात.

आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियात, इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, पहिली नाणी पाडली गेली ती याच इलेक्ट्रमची. पुढच्या शतकात तिथल्या सार्डिस शहरात दोन्ही धातू वेगळे करू लागले. पातळ पत्रे मिठासोबत मातीच्या भांड्यात घालून तापवायचे. चांदीचं क्लोराइड होऊन ती निघून जायची, सोनं मागे राहायचं. त्या कारखान्याचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. (सोन्याचा कस पाहायच्या काळ्या दगडाला, आपल्या कसोटीला, इंग्रजीत लिडियाचंच नाव आहे.) सोनं मुक्तच होतं, पण ते चोख करायला माणसाला भट्टी लावावी लागली.

हिराही तसाच. तो कार्बनच, पण बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू शिरलेले असतात आणि पिवळसर झाक येते ती बहुधा त्यांच्यामुळे. हवेतल्या आरगॉनचा तर प्रत्येक अणू सुटा, कुणाशीही न जोडलेला. तरी हवेत तो एक टक्काही नाही, ०.९३ टक्केच.

उलट टोकाला सिलिकॉन आहे. पृथ्वीच्या कवचाचा वजनाने चौथ्या हिश्शाहून अधिक भाग त्याचा, पण तो वाळूत आणि खडकात ऑक्सिजनशी जखडलेला. मुक्त सिलिकॉन निसर्गात जवळजवळ मिळतच नाही. आणि तुमच्या फोनमधली चिप ज्या सिलिकॉनपासून बनते, ते ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध करावं लागतं. कोणत्याही खाणीतल्या सोन्याला एवढी शुद्धता कधी लाभलेली नाही.