हा ‘डी’ कुठला? हिपॅटायटिस बी चा वाण की वेगळा विषाणू?

रिपोर्टवर ‘हिपॅटायटिस बी, जिनोटाइप डी’ असं छापलेलं दिसलं की घरात धसका बसतो. बी होतीच, आता डी पण झाली? तसं नसतं. इथे विषाणूंनाही ए, बी, सी, डी म्हणतात आणि एकाच विषाणूच्या वाणांनाही ए, बी, सी, डी. नावं ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रिपोर्ट वाचणारा माणूस नसावा.

जिनोटाइप डी म्हणजे बी विषाणूचाच एक वाण. या विषाणूचा डीएनए जेमतेम 3200 अक्षरांचा. त्यात 8 टक्क्यांहून जास्त फरक पडला की वाणाला नवं अक्षर मिळतं. अशी ए ते जे अक्षरं वापरून झाली आहेत. प्रत्येकाचा मुलूख ठरलेला. भारतात डी सर्वाधिक, त्याखालोखाल ए, पूर्वेकडे आणि ईशान्येत सी सुद्धा. भूमध्य समुद्राकाठी डी, पश्चिम आफ्रिकेत ई, चीन-जपानकडे बी आणि सी.

मुलखाप्रमाणे पसरण्याची वाटही बदलते, आणि खरी गंमत तिथेच आहे. विषाणू जोमात वाढत असला की रक्तात ‘ई-अँटिजेन’ सापडतो (हे विषाणूचंच एक प्रथिन, ई वाणाशी त्याचा संबंध नाही). अलास्कातल्या मूळ रहिवाशांमध्ये असं दिसलं की इतर वाणांच्या निम्म्या रुग्णांत तो विशीच्या आतच जातो, सी वाणात मात्र थेट सत्तेचाळिशीच्या आसपास. म्हणजे सी असलेली बाई आई होण्याच्या वयात असते तेव्हाही तिच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, आणि तो बाळंतपणातच बाळाकडे जातो. पूर्व आशियात कित्येक पिढ्या हेच चाललं. डी बहुतेकदा बाळंतपणानंतर गाठतो: लहानपणी घरातल्याच कुणाकडून, किंवा पुन्हा वापरलेल्या सुईतून. 2009 साली गुजरातमधल्या मोडासा भागात अशाच सुयांमुळे साथ पसरली, कित्येक माणसं दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत तिथे डी वाणच निघाला.

हिपॅटायटिस डी हे प्रकरणच निराळं. 1977 मध्ये इटलीतल्या तुरिनला मारिओ रिझेत्तो यांना तो सापडला, तेव्हा तो बी चाच एखादा नवा अँटिजेन वाटला होता. हा आरएनए विषाणू, सुमारे 1700 अक्षरांचा, आणि स्वतःचं बाह्य कवचही नसलेला. ते तो बी कडून उसनं घेतो, त्यामुळे बी नसेल तिथे त्याचा संसर्ग टिकत नाही. पण दोघे एकत्र आले की यकृत फार लवकर निबर होतं. मंगोलिया, मोल्दोव्हा आणि ॲमेझॉनचं खोरं ही त्याची ठाणी. पसरतो रक्तातून आणि शरीरसंबंधातून. आईकडून बाळाला क्वचितच.

बी ची लस वेळेत घेतली असेल तर दोन्ही डी टळतात. बी आधीच असेल तर लसीचा उपयोग नाही, मग हिपॅटायटिस डी पण आहे का हे बघायला ‘अँटी-एचडीव्ही’ (एचडीव्ही म्हणजे हिपॅटायटिस डी चा विषाणू) ही वेगळी तपासणी करावी लागते. जिनोटाइपच्या रिपोर्टवरून ते कळत नाही. उपचारातही फरक आहे. टेनोफोव्हिरची गोळी बी च्या कुठल्याही वाणावर चालते, कारण ती बी चं नक्कल काढणारं एन्झाइम अडवते. हिपॅटायटिस डी आपल्या पेशींचंच एन्झाइम वापरतो, म्हणून त्या गोळीने तो आटोक्यात येत नाही.