पिक्चरचा रकाना: ‘आप जैसा कोई’ आणि ‘डिस्को दीवाने’

गेल्या महिन्यात जळगावात एका कराओके ग्रुपचा कार्यक्रम होता. बहुतेक निवृत्त मंडळी, इस्त्रीचे सफारी, गळ्यात ओळखपत्रं. निवेदिकेनं माइक घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, “आता ऐकू या ‘कुर्बानी’ चित्रपटातलं नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’.” ट्रॅक मात्र सुरू झाला ‘आप जैसा कोई’चा. लोकांनी ताल धरला, कुणाचं काही अडलं नाही. मी तिसऱ्या रांगेत जरा पुढं सरकलो तोच बायकोनं माझा गुडघा दाबला. म्हणजे बसा गप.

हा घोळ मी चाळीस वर्षं ऐकतोय. लग्नाच्या बँडमध्ये ऐकला, आर्केस्ट्रात ऐकला, गणपतीतल्या गाण्यांच्या प्रश्नमंजूषेत तर ‘बरोबर उत्तर’ म्हणून ऐकला. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

‘आप जैसा कोई’बद्दल फार सांगायला नको. ‘कुर्बानी’, 1980. फिरोज खान, विनोद खन्ना, झीनत अमान. गाणारी मुलगी नाझिया हसन, वय पंधरा, मूळ कराचीची, वाढलेली लंडनला. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं आणि तेवढ्या लहान वयात पार्श्वगायनाचं फिल्मफेअर तोवर कुणालाच मिळालं नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक आहे, पुढं जाऊ.

‘डिस्को दीवाने’ त्यानंतर एका वर्षानं आलं, 1981 मध्ये. गायिका तीच, संगीतकारही तोच, बिड्डू. दोन्हींत डिस्कोचा ठोका, दोन्हींत तिचा तो किंचित नाकातला, कोवळा, फार जोर न लावणारा आवाज. ऐकायला फरक एवढाच की ‘आप जैसा कोई’ दमानं चालतं आणि ‘डिस्को दीवाने’ पहिल्यापासून नाचायलाच बोलावतं. हा फरक कुणालाही कळतो. नावांची अदलाबदल होते ती दोन्ही गाणी डोक्यात एकाच कप्प्यात ठेवल्यामुळं. आणखी एक घोळ म्हणजे ‘डिस्को दीवाने’ला मिथुनच्या ‘डिस्को डान्सर’मध्ये नेऊन बसवणं. तो पिक्चर 1982 चा, संगीत बप्पी लाहिरींचं. नावात डिस्को आहे एवढाच काय तो संबंध. यावर आणखी शाई घालवत नाही.

खरा फरक असा: ‘आप जैसा कोई’ पिक्चरचं गाणं आहे आणि ‘डिस्को दीवाने’ला पिक्चरच नाही.

वाक्य साधं वाटतं. पण 1981 साली अमळनेरात हे कुणाला सांगून बघायचं होतं. गाणं म्हटलं की पहिला प्रश्न, “हाई कोणता पिक्चरनं गानं शे?” रेडिओनं सवयच तशी लावली होती: चित्रपट अमुक, गायिका अमुक, गीतकार अमुक, संगीतकार अमुक. भजन, भावगीत, गझल, कव्वाली यांना पिक्चर नसतो हे लोकांना मान्य होतं. लावणी, गोंधळ, अहिराणी लग्नगीतं यांनाही नसतो. पण गिटार, सिंथेसायझर आणि पायात वळवळ आणणारा ठेका असलेलं गाणं, आणि त्यावर नाचणारी नटीच कुठं नाही? असं गाणं डोक्यात बसायला जागाच नव्हती.

माझ्या मामाचं अमळनेरात कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. दुकान कसलं, एका दवाखान्याच्या जिन्याखालची खोपी. डबल डेक, पंखा, कोऱ्या कॅसेटांची चळत आणि एक लांबट वही. गिऱ्हाईक यायचं, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायचं आणि वहीत बघून गाणी निवडायचं. टेप गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची, हे माझं काम. वही लिहायचं कामही माझं, कारण अक्षर बरं होतं. वहीत चार रकाने आखलेले: नंबर, गाण्याचं नाव, पिक्चर, गायक. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या आधी गर्दी फार, कारण बोरीच्या पात्रात पाळणे आणि दुकानं लागायची आणि त्या प्रत्येकाला भोंग्यावर लावायला नवीन गाणी हवी असायची.

अशाच एका यात्रेच्या आधी ‘डिस्को दीवाने’ नोंदवायची वेळ आली. नंबर लिहिला, नाव लिहिलं, गायक लिहिला. मधला रकाना रिकामा राहिला. मामा म्हणाले, रकाना मोकळा ठेवू नको, गिऱ्हाईक विचारतं. मी वरच्या ओळीत बघितलं, तिथं नाझिया हसन होती आणि तिच्या पुढं ‘कुर्बानी’. मी खाली “” अशी खूण करून टाकली. बॉलपेनच्या दोन टिकल्या, म्हणजे ‘वरचाच’. त्या वहीवरून किती कॅसेटांच्या लेबलांवर ‘डिस्को दीवाने – कुर्बानी’ लिहिलं गेलं असेल देव जाणे. तेव्हा त्या निवेदिकेवर चिडायचा मला फारसा अधिकार नाही. पण चिडतो.

आता या रकान्यानं नेमकं काय बदलतं ते बघा. ‘कुर्बानी’चं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. ‘लैला ओ लैला’ त्यांचंच. त्या सगळ्यांत हे एकच गाणं बाहेरून आलेलं: फिरोज खानना लंडनमध्ये ही मुलगी भेटली, त्यांनी तिला बिड्डूकडं नेलं आणि गाणं तिकडंच ध्वनिमुद्रित झालं. बिड्डू मूळचा बंगळूरचा, पण कमावलं ते इंग्लंडात. कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’, 1974 सालचं जगभर गाजलेलं गाणं, त्याचंच काम. शब्द इंदीवरांचे. नाझियाचा आवाज आवाजावरच चढवून दुहेरी केलेला, मागचा ढोलकी-तबल्याचा संसार अजिबात गायब. आपल्याकडच्या वाद्यवृंदासमोर एका दमात गायलेल्या गाण्यांच्या शेजारी ते वेगळं ऐकू यायचं ते यामुळं. आणि तरीही ते पिक्चरमध्ये गेल्याबरोबर पिक्चरचं झालं. पडद्यावर ओठ हलले ते झीनत अमानचे. लोकांच्या डोळ्यांपुढं आजही झीनतच येते, नाझिया नाही. रेकॉर्ड पॉलिडोरनं काढली ती ‘कुर्बानी’ म्हणून. त्यामुळंच फिल्मफेअर मिळू शकलं. ते पिक्चरच्याच गाण्यांना मिळतं.

‘डिस्को दीवाने’त हे सगळं उलटं. एचएमव्हीची रेकॉर्ड, त्यावर नाव नाझियाचं, चेहरा तिचाच, सोबत भाऊ झोहेबचा आवाज. गाणं विकायला हिरो नाही, कथा नाही, मध्यंतर नाही. जिनं गायलं तिच्याच जिवावर ते खपलं, आणि भारत-पाकिस्तान दोन्हीकडं खपलं. इंग्रजीतही ‘ड्रीमर दीवाने’ म्हणून निघालं. पुढं ज्याला आपण इंडिपॉप म्हणायला लागलो त्याची वाट इथून फुटली. 1995 चं अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आठवतं ना? तोच बिड्डू. तिथंही पिक्चरचा रकाना कोराच.

बँडवाल्यांना हे पटवायचा मी एकदा प्रयत्न केला. चोपड्याकडचं लग्न होतं, वरात निघायची होती. बँडमास्तर क्लॅरिओनेट पुसत होते. मी म्हटलं, तुमच्या यादीत दोन्ही गाणी ‘कुर्बानी’खाली आहेत, एक चूक आहे. ते म्हणाले, “आप्पा, पब्लिकले काय फरक पडस?” आणि दोन्ही एकाला एक जोडून वाजवली. खरं तर त्यांचंही बरोबर होतं. क्लॅरिओनेटवर नाझियाही नाही आणि झीनतही नाही.

अपवाद एक आहे, तो सांगायलाच हवा, नाहीतर कुणीतरी मलाच पकडेल. 1982 मध्ये कुमार गौरवचा ‘स्टार’ आला, त्यात नाझिया-झोहेबची गाणी होती, बिड्डूचीच. त्यातलं ‘बूम बूम’ कुणी पिक्चरचं म्हटलं तर बिनचूक. पिक्चर आपटला, गाणं राहिलं.

मला विचाराल तर गाणं म्हणून ‘आप जैसा कोई’ उजवं. चालीत थोडा थांबा आहे, ओळ संपल्यावर श्वास घ्यायला जागा आहे. ‘डिस्को दीवाने’ची ओळ डोक्यात खिळ्यासारखी बसते, पण कडव्यात मला फार काही सापडत नाही. तरी एकच रेकॉर्ड जवळ ठेवायची म्हटलं तर दुसरीच ठेवीन. पहिलीत नाझिया पाहुणी होती.

दोन्ही गाण्यांचं पुढं काय झालं त्यातही हा फरक डोकावतो. 2022 च्या ‘अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो’मध्ये ‘आप जैसा कोई’ पुन्हा आलं, नव्या गायकांच्या आवाजात, मलायका अरोरावर. पडद्यावरची बाई बदलली, आतला आवाजही बदलला, गाणं चाललं. मला ते ऐकवत नाही, ते सोडा. ‘डिस्को दीवाने’ 2012 मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये घेतलं तेव्हा विशाल-शेखरनी सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांना गायला लावलं, पण नाझियाचा मूळ आवाज आत ठेवला. तिला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. 2000 च्या ऑगस्टमध्ये लंडनला कर्करोगानं ती गेली, पस्तिसाव्या वर्षी. तो आवाज काढला असता तर त्या गाण्यात उरलंच काय असतं?

म्हणजे एकतीस वर्षांनी ‘डिस्को दीवाने’ला पिक्चर मिळाला, आणि घोळात नवी भर पडली. माझा भाचा ते ‘स्टुडंट ऑफ द इयर’चं समजतो. मात्र त्याला ‘हाई झुमकावाली पोर’ कोणत्या पिक्चरचं असं विचारलं तर तो माझ्याकडं खुळ्यासारखं बघतो. अहिराणी गाणं आहे, यूट्यूबवर आलं, हळदीत वाजतं, त्याला पिक्चर कशाला लागतो? त्याला जे आपसूक कळतं ते आम्हाला 1981 साली कळत नव्हतं, एवढंच.

कार्यक्रम संपल्यावर बायको चपला शोधत होती तेवढ्यात मी त्या निवेदिकेला गाठलं. म्हटलं, ताई, गाणं छान झालं, पण नाव चुकलं. आणि तुम्ही जे नाव घेतलं त्याला पिक्चर नाहीये. तिनं राग मानला नाही. लगेच पर्समधून वही काढली, पुढच्या कार्यक्रमांची. लांबट वही, आखलेले रकाने. पेन टेकवून माझ्याकडं बघत राहिली.

“मग इथं काय लिहू?”

“काही नाही. रेघ मारा.”

तिनं रेघ मारली. मग क्षणभर थांबून त्या रेघेच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: कुर्बानी?