पॉलिफेनॉल आणि हृदयारोग्य

पॉलिफेनॉल हा वनस्पतींनी स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केलेल्या रसायनांचा एक मोठा गट आहे. कडक ऊन, बुरशी, कीड आणि चरणारी जनावरे यांना तोंड देण्यासाठी झाड ती साल, टरफल, बी आणि कोवळी पाने यांत साठवते. अशी ८,००० हून अधिक रसायने ओळखली गेली आहेत. जांभूळ आणि कोकम यांचा रंग अँथोसायनिनांचा, आवळ्याचा तुरटपणा टॅनिनांचा. कांद्यात क्वेर्सेटिन असते, हळदीत कर्क्युमिन, चहा आणि कोकोमध्ये फ्लॅव्हॅनॉल. ही द्रव्ये भरपूर असलेला आहार घेणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी दिसते, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले. त्याचे श्रेय या द्रव्यांना किती द्यायचे, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

बराच काळ त्याचे उत्तर ‘अँटिऑक्सिडंट’ या एका शब्दात दिले जाई. परीक्षानळीत पॉलिफेनॉल घातक मुक्त कणांना निष्प्रभ करतात, हे खरे आहे. शरीरात मात्र त्यांचा फार थोडा भाग मूळ रूपात रक्तात पोचतो, आणि पोचलेलाही काही तासांत बाहेर टाकला जातो. रक्तातल्या युरिक आम्लाच्या किंवा ‘क’ जीवनसत्त्वाच्या तुलनेत ही मात्रा नगण्य असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली आकडेवारी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि विक्रेते ते जाहिरातींत वापरत होते. बाजारातल्या वेष्टनांवर तो शब्द अजून टिकून आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

आज अधिक पटणारे स्पष्टीकरण रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी जोडलेले आहे. एंडोथेलियम नावाचा हा एका पेशीच्या जाडीचा थर नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतो. त्यामुळे वाहिनीचे स्नायू सैलावतात, रक्तदाब आटोक्यात राहतो आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना सहज चिकटत नाहीत. वय, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे ही क्षमता घटते. दंडाला पट्टा आवळून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, पट्टा सोडायचा आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने मोजायचे, अशी तिची चाचणी असते. फ्लॅव्हॅनॉलयुक्त कोको प्यायल्यावर तासा-दोन तासांत हे रुंदावणे वाढते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एपिकॅटेचिन हे कोकोतले फ्लॅव्हॅनॉल शुद्ध रूपात दिल्यावरही तसाच परिणाम दिसला. कोकोतला कार्यकारी घटक कोणता, याचा तो ठोस पुरावा ठरला.

कोकोकडे लक्ष वेधले गेले ते पनामाच्या किनाऱ्यालगतच्या सॅन ब्लास बेटांवरील कुना आदिवासींमुळे. वय वाढले तरी बेटांवरच्या कुनांचा रक्तदाब वाढत नाही, आणि तेच लोक पनामा शहरात राहायला गेले की वाढतो, असे हार्वर्डचे वैद्यक संशोधक नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी १९९७ मध्ये मांडले. बेटांवर मीठ कमी खाल्ले जात होते असेही नव्हते. फरक घरगुती कोको पेयाचा असावा, असा त्यांचा तर्क होता. ते लोक खरोखर तेवढा कोको पितात का, याबद्दल पुढे शंका घेतली गेली. शिवाय मासे, फळे आणि शहरी ताणाचा अभाव यांचाही वाटा असू शकतो. पण या तर्कामुळेच नियंत्रित चाचण्या सुरू झाल्या.

त्यांतली सर्वांत मोठी कॉसमॉस चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील २१,४४२ ज्येष्ठ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल आणि उरलेल्यांना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. साधारण साडेतीन वर्षांनंतर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे घटना मिळून १० टक्क्यांनी कमी दिसल्या. पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान होता. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. हा निकाल आशा वाढवणारा आहे. पण तो चाचणीचा मुख्य निकष नव्हता, आणि तिला चॉकलेट उद्योगाचेही अर्थसाहाय्य होते. रक्तदाबापुरते बोलायचे, तर २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) कोकोमुळे सरासरी घट जेमतेम १.८ मिलिमीटर (पारा) आढळली. दुकानातल्या चॉकलेटमधून तेवढीही अपेक्षा धरू नये. अल्कलीची प्रक्रिया केलेल्या गडद कोको पावडरीत फ्लॅव्हॅनॉल बरेचसे नष्ट झालेले असतात, आणि मिल्क चॉकलेटमध्ये मुख्यतः साखर आणि चरबी असते.

चहाची कथा मराठी घरांना जवळची आहे. नेदरलँड्समधील झुटफेन गावच्या ८०५ वृद्ध पुरुषांच्या पाहणीत (१९९३) फ्लॅव्होनॉइड, म्हणजे पॉलिफेनॉलांचाच एक उपगट, सर्वाधिक घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी आढळला. यातले बहुतेक फ्लॅव्होनॉइड चहातून येत होते, उरलेले कांदा आणि सफरचंदातून. वेल्समधल्या केअरफिलीत असा फायदा दिसला नाही. तिथले लोक चहात दूध घालत. पण जास्त चहा पिणाऱ्यांत धूम्रपानही जास्त होते. दुधातल्या प्रथिनांनी चहाचा परिणाम जातो की नाही, यावर लहान प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी आहेत.

लाल वाइनमधल्या रेसवेरेट्रॉल या पॉलिफेनॉलचा गाजावाजा सर्वांत जास्त झाला आणि आधार सर्वांत कमी निघाला. लिटरभर वाइनमध्ये ते काही मिलिग्रॅमच असते. इटलीतील कियांती भागातल्या ७८३ वृद्धांच्या लघवीत त्याचे अंश मोजले, तेव्हा आयुर्मानाशी किंवा हृदयविकाराशी त्याचा संबंध आढळला नाही (२०१४).

एकच पदार्थ दोन माणसांवर वेगळा परिणाम का करतो, याचे एक कारण आतड्यांत आहे. न पचलेले पॉलिफेनॉल मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू त्यांचे लहान रेणू बनवतात आणि ते रक्तात शोषले जातात. डाळिंबातल्या एलाजिटॅनिनांपासून असे युरोलिथिन तयार होते. पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. सोलापूरचे डाळिंब दोघांनी वाटून खाल्ले तरी दोघांच्या रक्तात वेगवेगळी द्रव्ये आढळू शकतात.

महाराष्ट्रात ही द्रव्ये मिळवण्यासाठी वेगळे काही विकत आणावे लागत नाही. नाचणीच्या तांबड्या सालीत, सालासकट डाळींत, शेंगदाण्याच्या लाल फोलात, कांद्यात, आवळ्यात आणि आमसुलात ती आहेत. नाचणीच्या पिठातला कोंडा चाळून टाकला की त्यांचा मोठा वाटा जातो. जेवणाबरोबर चहा घेतला, तर त्यातले टॅनिन अन्नातले लोह बांधून ठेवतात. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे हिताचे. अर्काच्या गोळ्यांचे गणित वेगळे आहे. ग्रीन टीचा आणि हळदीचा तीव्र अर्क घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. पॉलिफेनॉल भरपूर म्हणजे पदार्थ निर्धोक, असेही नाही: कोकणात आणि गोव्यात पिकणारी सुपारी कॅटेचिन आणि टॅनिनांनी भरलेली असते, तरीही ती कर्करोगकारक असल्याचे निर्विवाद ठरले आहे.