उपकारस्तुती

उपकारस्तुती : मराठी ख्रिस्ती परिभाषेतील संज्ञा. येशूचे वधस्तंभावरील बलिदान आणि त्यातून मिळणारी पापक्षमा यांबद्दल देवापुढे मांडलेली कृतज्ञता, हा तिचा अर्थ. विदर्भाच्या खेडोपाडी, विशेषतः प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, घरी भरवल्या जाणाऱ्या प्रार्थनासभेलाही हेच नाव आहे. ‘आज त्यांच्याकडं उपकारस्तुती आहे’ एवढे म्हटले की पुरते.

बायबलच्या मराठी भाषांतरात येशूने शेवटच्या भोजनात भाकर घेतली आणि ‘उपकारस्तुती करून’ मोडली, असे येते (लूक २२:१९). मूळ ग्रीक शब्दाचे नाम ‘युखारिस्तिया’, म्हणजे आभार मानणे. दुसऱ्या शतकात ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व प्याला वाटून घेण्याच्या, विधीचेच नाव झालेले दिसते, अंतिओखचा इग्नेशियस (सु. ११०) व हुतात्मा जस्टिन (सु. १५५) या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांच्या लेखनात तसा वापर आहे. आभाराचा शब्द बलिदानाला कसा जोडला गेला, यावर मात्र एकमत नाही. एक मत यहुदी लोकांच्या जेवणानंतरच्या आशीर्वचनाकडे बोट दाखवते. त्याला आधार ‘डिडाखे’ या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेचा. तिचे हस्तलिखित १८७३ मध्ये सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले. तिच्या नवव्या व दहाव्या प्रकरणांतील प्रार्थनांत प्याला व भाकर यांबद्दल आभार आहेत, पण वधस्तंभाचा उल्लेख नाही. जर्मन अभ्यासक हार्टमुट गेझे यांनी दुसरे मत मांडले. त्यांच्या मते मूळ ‘तोदा’ या हिब्रू अर्पणात आहे. मरणाच्या दारातून परतलेला माणूस अर्पण वाही, सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घाली आणि आपल्यावर काय गुदरले ते सर्वांसमक्ष सांगे. अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे, असा नियम होता (लेवीय ७:१५). तोदा या शब्दाच्या धातूत आभार आणि कबुली असे दोन्ही अर्थ आहेत. डिडाखेची साक्ष पहिल्या मताच्या बाजूची असली, तरी विदर्भातल्या सभेचे रूप पाहता दुसरे मत अधिक जवळचे वाटते.

मराठी नवा करार प्रथम श्रीरामपूर (बंगाल) येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली १८११ मध्ये निघाला. तो मोडी लिपीत होता. त्यांचे साहाय्यक पंडित वैजनाथ नागपूरकडचे मानले जातात आणि त्या भाषेवरील नागपुरी छाप बहुधा त्यांचीच. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे स्वतंत्र भाषांतर केले.

‘उपकार’ हा शब्द मराठीत निव्वळ गोड नाही. उपकार फेडायचे असतात, त्यांचे ओझे होते. संतांच्या उपकारांतून उतराई कसे व्हावे, हा तुकारामांचाही प्रश्न आहे. ख्रिस्ती सिद्धांतानुसार तारणाऱ्याचा उपकार फिटण्यासारखाच नाही. म्हणून फेड नव्हे, स्तुती. याच कारणाने ती नवसाहून वेगळी ठरते. नवसात अट आधी असते आणि फेड नंतर.

बलिदानासाठी मराठी बायबल ‘खंडणी’ हा शब्द योजते (मार्क १०:४५). नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात तो राजस्व व्यवहारातला होता. आज वर्तमानपत्रात खंडणी म्हणजे गुन्हा, त्यामुळे तरुण श्रोते हमखास दचकतात. ती कोणाला दिली, हा जुना वाद. सैतानाला, हे उत्तर धर्मशास्त्रज्ञ नाझियान्झसच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात फेटाळले, मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ आन्सेल्मने (सु. १०९८) देवाच्या मानाचे देणे असा अर्थ लावला. कापूसपट्ट्यातल्या प्रवचनात हा गुंता सहसा येत नाही. तिथे प्रभूच्या प्रार्थनेतले ‘ऋण’ (मत्तय ६:१२) घेतले जाते आणि २००८, २०१७ व २०१९ च्या कर्जमाफ्या पाहिलेल्या माणसाला ते लगेच उमगते : माफी झाली म्हणजे कोणीतरी भरले. हा आन्सेल्मच आहे, फक्त सोसायटीच्या खातेवहीत.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला. वऱ्हाडात अकोला-खामगाव भागात अलायन्स मिशन, तर यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट मंडळ्या वाढल्या. कॅथलिक पंथात भर मिस्सावर, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेवर, आहे. ख्रिस्ती उपासनेला मराठी भजनाचा साज चढवण्यात कवी नारायण वामन टिळक यांचा वाटा मोठा. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांच्या हाती नवा करार पडला; १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत.

घरची सभा दुखण्यातून उठल्यावर, बाळंतपणानंतर, नोकरी लागल्यावर किंवा तूर-कापूस घरात आला की ठेवतात. वावरातली कामे आटोपून लोक दिवेलागणीनंतर जमतात. अंगणात सतरंजी, पेटी, ढोलक, टाळ. भजने झाली की घरधनी साक्ष देतो : ‘डॉक्टरनं हात टेकले होते, देवानं मले उभं केलं.’ साक्षीत आजारासोबत जुनी दारू, भावाशी तुटलेले बोलणे, हेही येते आणि ऐकणाऱ्यांत तो भाऊ बसलेला असू शकतो. मग पाळकांचे (मंडळीच्या धर्मगुरूंचे) वचन व प्रार्थना. भाकर-प्याला इथे नसतो. तो देवळात (चर्चमध्ये), आणि द्राक्षरस मिळत नसेल तिथे भिजवलेल्या मनुकांचा रस काढतात.

कापणीच्या सणात ज्वारीची कणसे, कोहळे, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. घेणारा पैसे भरून तीच कोंबडी पुन्हा लिलावाला देतो, असेही घडते. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), ऐन उन्हाच्या तडाख्यात, बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन चालते. पहिला उद्गार क्षमेचा (लूक २३:३४). काही प्राचीन हस्तलिखितांत तो नाही. देवळात मात्र त्यालाच सर्वांत जास्त वेळ दिला जातो.

सभेनंतर पंगत : पुरी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. शेजारचे बिगरख्रिस्तीही बसतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डबे त्याच रात्री पोहोचवतात, सकाळसाठी काही ठेवत नाहीत.