द्विध्रुवी विकार, वार्धक्यातील

उन्माद (अवाजवी उत्साह व चढलेली मनःस्थिती) आणि अवसाद (खोल उदासी) या दोन टोकांच्या अवस्था आलटून-पालटून येणाऱ्या मनोविकाराचे उतारवयातील रूप. व्यवहारात ‘बायपोलर’ हेच नाव रूढ आहे. तारुण्यात विकार जडून त्यासह म्हातारे झालेले आणि पहिला झटकाच उतारवयात आलेले, असे दोन प्रकारचे रुग्ण या नावाखाली येतात. पहिल्यांची संख्या बरीच मोठी आहे. अभ्यासकांचे वाद मात्र दुसऱ्यांविषयी आहेत.

फालरे व बायार्जे या फ्रेंच वैद्यांनी १८५०च्या दशकात या विकाराचे चक्र वर्णिले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये त्याला ‘उन्माद-अवसादी’ विकाराच्या व्यापक चौकटीत बसविले. द्विध्रुवी व एकध्रुवी (एकाच टोकाची अवस्था येणारा) हा भेद लिओनहार्ड (१९५७) यांचा. आंग्स्ट व पेरिस यांच्या १९६६ मधील अभ्यासांनी तो दृढ झाला. चरकसंहितेतील पंचविध ‘उन्माद’ याहून कितीतरी व्यापक असल्याने केवळ शब्दसाम्यावरून दोन्ही एक मानू नयेत.

प्रारंभवय : प्रारंभ नेमका कशाला म्हणायचे, येथूनच मतभेद सुरू होतात. पहिले लक्षण, निदानाच्या कसोटीला उतरणारा पहिला झटका, पहिला उपचार आणि रुग्णालयातील पहिला प्रवेश यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. शिवाय सत्तरीतल्या माणसाला विशीतली उदासी आठवेलच असे नाही, आणि ती सांगू शकणारी वडीलधारी माणसे तोवर हयात नसतात. बेलिव्हिए व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये संख्याशास्त्रीय पृथक्करणाने सुमारे १७, २७ व ४६ वर्षे अशी तीन सरासरी प्रारंभवये मांडली. पुढील अनेक अभ्यासांत तीन गट पुन्हा दिसले, तरी तिसऱ्याचे सरासरी वय चाळिशीच्या आसपास खाली आले. काहींना दोनच गट पुरेसे वाटतात. यांतला ‘उशिराचा’ गटही वार्धक्यातला नव्हे, हे अनेकदा नजरेआड होते. उशिराच्या प्रारंभाची सीमा कोणी ४०, कोणी ५०, तर कोणी ६० धरतो. ५० अधिक प्रचलित आहे. आंतरराष्ट्रीय द्विध्रुवी विकार संस्थेच्या कार्यगटाच्या २०१५ मधील अहवालानुसार एकूण रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश साठीपुढचे असून, पहिला उन्माद पन्नाशीनंतर येणारे ५ ते १० टक्केच आहेत.

शुलमन व पोस्ट (१९८०) यांना वृद्ध रुग्णांपैकी अनेकांत आधी अवसाद व दहाहून अधिक वर्षांनी पहिला उन्माद असा क्रम आढळला. अशा रुग्णाचा विकार ‘उशिरा सुरू झाला’ म्हणावे की उशिरा ओळखू आला? दुसरे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

उशिरा प्रारंभ झालेल्यांत कुटुंबातील मनोविकाराचा इतिहास तुलनेने कमी, तर मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार अधिक आढळतात. क्राउटहॅमर व क्लर्मन यांनी १९७८ मध्ये ‘दुय्यम उन्माद’ ही कल्पना मांडली : मेंदूच्या उजव्या गोलार्धातील पक्षाघात, थायरॉइडचा अतिरेक, स्टेरॉइड किंवा लेव्होडोपा (कंपवातावरील औषध) यांमुळेही उन्माद होऊ शकतो. म्हणून साठीनंतर प्रथमच झोप कमी झाली, पैसा उधळला जाऊ लागला, बडबड वाढली, तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देणे घातक ठरते. वर्तन बदलणाऱ्या, मेंदूच्या कपाळामागील भागाच्या स्मृतिभ्रंशाशीही गल्लत होते.

उपचार : लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची उपयुक्तता केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात दाखविली. साठीपुढील २२४ रुग्णांवरील एका चाचणीत (२०१७) उन्माद उतरविण्यात ते डायव्हलप्रोएक्स या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधापेक्षा काहीसे सरस ठरले. मात्र वयानुसार मूत्रपिंडाची गाळणक्षमता घटते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या व गुडघेदुखीसाठी नित्य घेतली जाणारी वेदनाशामके रक्तातील लिथियम वाढवितात. हातांचा ठळक कंप, झोकांड्या, जुलाब, गोंधळलेपणा ही विषबाधेची चिन्हे घरच्यांना आधीच सांगून ठेवली पाहिजेत. ६५ ते ७९ या वयात रक्तपातळी साधारणतः ०·४ ते ०·६ ठेवण्याकडे व गरजेनुसारच ०·८ पर्यंत नेण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे (मिलिमोल प्रतिलिटर). मानसोपचार व कुटुंबाचे समुपदेशन यांवरील वृद्धविशिष्ट संशोधन अल्प आहे.

भारत : राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५–१६) निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत केले, प्रौढांत द्विध्रुवी विकाराचे आजीवन प्रमाण सुमारे ०·५ टक्के आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.