पीसीबी मिलिंगमधील तांबे-सफाई

नमुन्याचे सर्किट बोर्ड (पीसीबी) सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्रावर कोरताना (मिलिंग) ट्रॅक (तांब्याच्या वाहक पट्ट्या) आणि पॅड (सुटे भाग डागण्याच्या जागा) यांच्या अवतीभवती उरलेले निरुपयोगी तांबे काढून टाकणे, म्हणजे तांबे-सफाई. रासायनिक पद्धतीत फेरिक क्लोराइडचे द्रावण झाकलेला भाग सोडून बाकीचे सगळे तांबे खाऊन टाकते. मिलिंगमध्ये मात्र बिट, म्हणजे कापणारे फिरते हत्यार, फिरेल तेवढेच निघते आणि वेळ वाचावा म्हणून तो ट्रॅकच्या कडेने एकदोनदाच फिरवतात. परिणामी मधल्या जागेत कशालाच न जोडलेली तांब्याची बेटे राहतात.

बोर्डावरचा तांब्याचा थर सहसा ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. ०.१ मिमी टोकाचा, ६० अंशांचा व्ही-बिट (टोकाकडे निमुळता होणारा बिट) ०.१ मिमी खोल चालवला, तर चर वरच्या बाजूला जेमतेम ०.२२ मिमी रुंद होते. अशा बोर्डावर सोल्डर मास्कही (तांबे झाकणारा संरक्षक लेप) नसल्याने डाग देताना सोल्डर सहज पलीकडच्या बेटावर जाते, आणि तेच बेट दुसऱ्या ट्रॅकलाही चिकटले की शॉर्ट होतो. २३० व्होल्टच्या भागात एवढे अंतर मुळीच पुरत नाही. उच्च वारंवारतेच्या सर्किटमध्ये सुटी बेटे नको असलेली धारिता (कपॅसिटन्स) वाढवतात. साध्या, कमी व्होल्टेजच्या बोर्डावर मात्र ती राहिली तरी बिघडत नाही. पॅडभोवती दोनतीन जादा फेरे मारले की बहुधा भागते, आणि सगळा बोर्ड उघडा करण्याचा हट्ट बव्हंशी दिसण्यापुरताच असतो.

पूर्ण सफाईचा खर्च वेळेत मोजावा लागतो. ५० × ५० मिमी जागा दर फेऱ्याला ०.१ मिमी सरकत साफ करायला बिटला सुमारे २५ मीटर प्रवास करावा लागतो, म्हणजे सेकंदाला ४ मिमी वेगाने पावणेदोन तास. ०.८ मिमीची एंड मिल (सपाट टोकाचे जाड कापणारे हत्यार) ०.४ मिमीने सरकवली, तर तेच काम साधारण २६ मिनिटांत होते. म्हणून बारीक बिटने कडा आणि जाड मिलने मोकळी जागा, अशी विभागणी करतात. फ्लॅटकॅम या यंत्राचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी स्वतंत्र सोय आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमासह जगभरच्या फॅब लॅबना (वस्तू घडवण्याच्या सामायिक कार्यशाळांना) परिचित असलेल्या मॉड्स या सॉफ्टवेअरमध्ये फेऱ्यांची संख्या शून्य दिली, की सगळे तांबे काढण्याचा मार्ग आखला जातो.

फेरे एकमेकांवर पुरेसे चढले नाहीत, किंवा वाकलेल्या बोर्डाच्या सखल भागात बिट पोहोचलाच नाही, तर केसासारखी तांब्याची तार उरते. ती भिंगाशिवाय दिसत नाही, पण दोन ट्रॅक जोडून मल्टिमीटरचा बझर वाजवते. काचतंतू व इपॉक्सीच्या एफआर-४ बोर्डाच्या धुळीत काचतंतू असतात आणि ती फुप्फुसांना घातक ठरते. ती फुंकून उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. कागद व फिनॉलिक रेझिनच्या एफआर-१ बोर्डात काच नसते, त्यामुळे बिटही जास्त टिकतो.

मोठी बेटे यंत्राशिवायही निघतात. चर पूर्ण कापली गेली असेल, तर सोल्डरिंग आयर्नने बेट तापवल्यावर त्याखालची पकड सैल होते आणि एक कोपरा ब्लेडने उचलून तांबे चिमट्याने सोलता येते. आयर्न फार वेळ टेकवल्यास खालचे रेझिन करपते आणि शेजारचा पॅडही उखडतो.