एकाच अहवालातील दोन आकडे: रिजेक्शनचा ‘ग्रेड’ आणि बीके विषाणूचा ‘क्लास’

रोपण केलेल्या मूत्रपिंडाच्या बायोप्सी अहवालात कधी ‘ग्रेड १अ’ तर कधी ‘क्लास २’ असे लिहिलेले असते, आणि दोन्ही संज्ञा बॅन्फ या, रोपित अवयवांच्या बायोप्सी तपासण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्याच असल्याने गोव्यात काणकोणहून बांबोळीच्या इस्पितळात खेपा घालणारे नातेवाईक त्यांना एकाच शिडीच्या पायऱ्या समजून बसतात. वास्तविक ‘ग्रेड’ हा शरीराने परक्या अवयवावर केलेल्या हल्ल्याची, म्हणजे पेशीजन्य रिजेक्शनची तीव्रता सांगतो, तर ‘क्लास’ बीके या, एरवी शरीरात सुप्त राहणाऱ्या पण प्रतिकारशक्ती दाबली की डोके वर काढणाऱ्या विषाणूने त्या अवयवाची किती हानी केली आहे हे सांगतो.

घोटाळा केवळ नावांचा असता तर फारसे बिघडले नसते. दोन्ही विकारांत रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसल्याची खूण, वाढते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या भिंतींत शिरलेल्या दिसतात. उपचार मात्र नेमके उलटे आहेत. रिजेक्शनमध्ये स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन प्रतिकारशक्ती दाबतात, तर विषाणूविकारात टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या नेहमीच्या औषधांची मात्रा उतरवून त्या शक्तीला थोडी मोकळीक देतात. म्हणून एसव्ही-४० ही रंगचाचणी निर्णायक ठरते. हे नाव माकडांतील एका विषाणूचे असले, तरी त्यासाठीचे प्रतिपिंड बीकेच्या प्रथिनालाही चिकटते, आणि नलिकांच्या पेशींची केंद्रके रंगली की विषाणू सापडला असे समजावे. याउलट धमनीच्या अस्तरात दाह दिसल्यास संशय रिजेक्शनकडे वळतो.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बॅन्फ कार्यगटाच्या वर्गीकरणात क्लास ठरवण्यासाठी दोनच गोष्टी मोजल्या जातात: विषाणूग्रस्त नलिकांचे प्रमाण आणि ऊतकात पडलेले व्रण, म्हणजे कायमचे वण (फायब्रोसिस). बाधित नलिका १ टक्क्यापर्यंत आणि व्रण २५ टक्क्यांपर्यंत असतील तर क्लास १. नलिका १० टक्क्यांहून अधिक आणि व्रणही २५ टक्क्यांहून अधिक असतील तर क्लास ३. उरलेले सगळे क्लास २. त्या अभ्यासात निदानानंतर दोन वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण या तीन क्लासांत अनुक्रमे १६, ३१ आणि ५० टक्के आढळले. रिजेक्शनचा ग्रेड ज्या दाहावर बेततात, तो दाह या हिशेबात धरलेलाच नाही, ही मला यातली सर्वांत बोलकी बाब वाटते. विषाणूला हुसकावताना शरीर जी धुमश्चक्री माजवते तीही दाहासारखीच दिसते, त्यामुळे तिच्यावरून भवितव्य वर्तवणे धोक्याचे ठरले असते.

एक अडचण मात्र उरते. विषाणूची बाधा ठिपक्याठिपक्यांनी पसरते आणि पुष्कळदा मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात आधी दिसते. तुकडा एकच असला किंवा त्यात मेड्युला आला नसेल, तर बाधा नजरेतून सुटून अहवालात केवळ रिजेक्शन उमटू शकते. अशा वेळी रक्तातील बीके विषाणूची संख्या वाढलेली असेल, तर स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी बायोप्सी पुन्हा करावी का, हे इस्पितळात जरूर विचारावे.